मेंदूला बसलेला हादरा

एक सोपा प्रयोग करा. (डोक्याला नुकताच मार लागला असेल, तर मात्र करू नका.) हा अंक समोर धरा आणि एका ओळीवर नजर ठेवून मान भरभर डावी-उजवीकडे हलवा. ओळ वाचता येते. आता मान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने अंक हलवा. अक्षरे पुसट होतात! असे का व्हावे?

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की आतला द्रव क्षणभर मागे राहतो. त्यावरून मेंदूला मान वळल्याचे कळते आणि तो डोळ्यांना तितकेच उलट दिशेला वळवतो. म्हणून नजर ढळत नाही. नुसता अंक हलतो तेव्हा कानाकडून ही मदत मिळत नाही. या इंद्रियावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता समजा, कबड्डी खेळताना एखाद्याचे डोके जमिनीवर आपटले. डोके एकदम थांबते, पण आतला मेंदू हलतच राहतो. त्याचे नाजूक तंतू ताणले जातात व पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. यालाच ‘कंकशन’ म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींचे डोके मात्र महिनोन्महिने दुखते. उजेड आणि गोंगाट सोसत नाही. बसमध्ये किंवा बाजारातल्या गर्दीत भोवळ येते. कारण डोळे, कान आणि स्नायू यांच्याकडून येणारे संदेश एकमेकांशी जुळत नाहीत.

मग मन धसका घेते. हालचाल म्हणजे धोका! तो मुलगा मान आखडून चालतो, जिना टाळतो, मैदानाकडे फिरकत नाही. आखडलेल्या मानेने डोकेदुखी वाढते. शिवाय हालचालच नसेल, तर मेंदूने ते संदेश पुन्हा जुळवायला शिकावे कसे? म्हणजे भोवळीतून भीती आणि भीतीतून पुन्हा भोवळ, असे चक्र सुरू होते. हा भित्रेपणा नव्हे, आणि सोंग तर नव्हेच.

हे चक्र तोडण्याचा उपाय म्हणजे बेताबेताने हालचाल. १९४० च्या दशकात इंग्लंडमधील कॉथॉर्न व कुक्सी या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी व्यायाम आखले. आधी अंथरुणात फक्त डोळे हलवायचे, मग मान, मग उभे राहणे, चालणे आणि शेवटी चेंडूचे खेळ. आजही डॉक्टर एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू चालायला सांगतात. त्रास किंचित वाढला तर घाबरू नये. फार वाढला तर एक पायरी मागे यावे. खेळात मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. बरे होण्यापूर्वी बसलेला दुसरा मार अधिक घातक ठरू शकतो.

मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके यांपैकी काहीही दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला तासाच्या मध्ये थोडी विश्रांती आणि परीक्षेत थोडा जादा वेळ द्यावा. पायाला प्लास्टर असले की सारा वर्ग सांभाळून घेतो. हादरलेल्या मेंदूला प्लास्टर घालता येत नाही. म्हणून तर ही समजूत अधिक हवी.