पेशीपासून सजीवापर्यंत

पेशी, ऊती, इंद्रिय, इंद्रियसंस्था व सजीव हा क्रम मुले एका दमात म्हणून दाखवितात. परंतु 'ऊती कशासाठी?' असे विचारताच वर्ग गप्प होतो. क्रम पाठ झाला, अर्थ मात्र उमगला नाही, असेच यावरून दिसते.

पेशी म्हणजे वीट व शरीर म्हणजे भिंत, हा नेहमीचा दाखला सोपा असला तरी अपुरा आहे. रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या कापात पाहिलेल्या व १६६५ साली वर्णिलेल्या कोठड्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. त्यांना हा दाखला शोभेल. शरीरातील पेशी मात्र जिवंत असते.

हृदयाचे उदाहरण घ्यावे. हृदयाच्या स्नायूची एक पेशी अलग करून योग्य द्रवात ठेवली, तर ती एकटीही आकुंचन पावू शकते; पण तेवढ्याने रक्त पुढे सरकत नाही. अशा असंख्य पेशी परस्परांशी जोडल्या जाऊन एका ठेक्यात आकुंचन पावतात, तेव्हा ऊतीचा जोर निर्माण होतो. या व इतर ऊतींपासून चार कप्प्यांचे व झडपांचे हृदय घडते आणि रक्ताला दिशा मिळते. हृदय, रक्तवाहिन्या व रक्त मिळून रक्ताभिसरण संस्था होते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्याचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. तरीही फुप्फुसांकडून प्राणवायू व आतड्यांकडून अन्नरस न मिळाल्यास ही संस्था व्यर्थ होय. सर्व संस्थांच्या सहकार्यानेच मनुष्य जगतो.

तात्पर्य, प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीत नसलेले सामर्थ्य प्रकट होते. मात्र सर्वच सजीवांत या पाचही पायऱ्या असतात असे नाही. अमीबाची एकच पेशी जीवनाची सर्व कार्ये पार पाडते.

हा पाठ सुरू करण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. मुलांना बसल्या जागी मनगटाची नाडी मिनिटभर मोजण्यास सांगावे. नंतर मैदानाला एक फेरी धावून पुन्हा मोजू द्यावी. ठोके का वाढले, या प्रश्नातून पायांचे स्नायू, फुप्फुसे व हृदय यांचा संबंध मुलेच शोधतील. तेथून संस्था, इंद्रिय, ऊती व शेवटी पेशी असे खाली उतरावे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा : 'ही पायरी नसती, तर कोणते काम अडले असते?' ज्या मुलाला याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले, त्याला पाठ समजला असे खुशाल मानावे.