सुई बीकन दाखवते, वाटेचं काय?

नाशिकमधल्या एका वर्गात सिम्युलेटरसमोर वैमानिकीची विद्यार्थिनी बसली होती. काचेबाहेर फक्त ढग. सरांनी सरावापुरता एक काल्पनिक रेडिओ बीकन ओझरच्या धावपट्टीपाशी ठेवला होता आणि विमान सप्तशृंगी गडावर. ओझर तिथून जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटर. विमानाचा वेग 90 नॉट. वारा पावसाळ्यातला, पश्चिमेचा, 15 नॉट.

एडीएफ, म्हणजे बीकनची दिशा दाखवणारं उपकरण. त्याच्या तबकडीवरची सुई एवढंच सांगते की, विमानाच्या नाकापासून बीकन किती अंशांवर आहे. वारा तिला कळत नाही. हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, 180 धरल्यावर सुई वर शून्यावर होती. थोड्याच वेळात ती उजवीकडे सरकली. वाऱ्याने विमान डावीकडे, पूर्वेला लोटलं होतं, म्हणून बीकन उजवीकडे राहिला. तिने नाक सुईकडे वळवलं. सुई पुन्हा शून्यावर, पुन्हा उजवीकडे. पुराच्या गोदावरीत समोरच्या देवळाकडेच तोंड ठेवून पोहणारा जसा खाली वाहत जातो आणि शेवटी प्रवाहाशी झुंजत काठ गाठतो, तसाच हा मार्ग. यालाच होमिंग म्हणतात. बीकन सापडतो, पण वाट वाकडी होते. आणि सह्याद्रीच्या डोंगरांमध्ये, ढगात, वाकडी वाट कुठल्या सुळक्याशी नेईल याचा भरवसा नाही.

सर म्हणाले, “सुईच्या मागे धावू नकोस. ती थांबते कुठे, ते बघ.”

हिशेब सोपा आहे. 60 भागिले वेग, गुणिले आडवा वारा: इथे दहा अंश ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याने वाहवणं. तिने आधी 210 वर वळून गड ते ओझर ही मूळ रेषा गाठली. सुई 330 वर आली तेव्हा ती रेषेवर होती, कारण हेडिंग आणि सुई यांची बेरीज 540, त्यातून 360 वजा केले की 180. मग वाऱ्याकडे दहा अंश, हेडिंग 190. सुई 350 वर गेली आणि तिथेच राहिली. मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच: नाक एकीकडे, बीकन दुसरीकडे, आणि विमान मात्र सरळ रेषेत. सुई मध्यावर असणं ही खूण नव्हे. ती स्थिर असणं ही खूण.

अर्थात सुईवर आंधळा विश्वास चालत नाही. वळवाच्या ढगात वीज चमकली की ती तिकडे ओढली जाते. सूर्यास्तानंतर आकाशातून परतलेल्या लहरींनी ती भटकते, डोंगरांच्या परावर्तनानेही. विमान कलतं तेव्हाही ती थोडी खोटं बोलते. बीकन बंद पडला तर कित्येक जुन्या उपकरणांत इशारा देणारं निशाणच नसतं, म्हणून त्याची मोर्समधली ओळख कानावर ठेवावीच लागते. जगभर हे बीकन एकेक करून बंद होत आहेत; जीपीएस वाट आयती आखून देतं. तरीही हा सराव टिकायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण इथे वारा डोक्यात मांडावा लागतो.

बीकनवरून जाताना सुई डगमगली, गर्रकन फिरली आणि 170 वर बसली. हेडिंग 190 च. तेवढ्यात सरांनी काही न बोलता वाऱ्याची दिशा उलटी केली. सुई हळूहळू 180 ओलांडून पुढे सरकली.

“वारा आता डावीकडून आहे, सर. 170 लागेल. पण आधी रेषेवर परत यायला हवं,” ती म्हणाली आणि डावीकडे वळू लागली.