लाखेचं बियाणं झाडावर राहू द्या



मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एका टोल्यावर गेलो, तर पळसाच्या झाडांवरची सगळी लाख कच्चीच खरवडून नेलेली. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा लागतो, दोष कुणाला द्यायचा? पण जून-जुलैत याच लाखेतून किड्यांची पिल्लं बाहेर पडतात आणि नव्या कोवळ्या डहाळ्यांवर बसतात. झाड पूर्ण खरवडलं की पुढच्या हंगामाचं बियाणं बाजारातून विकत घ्यावं लागतं, तेही मिळालं तर.

एका काकूंनी विचारलं, "भाऊ, कुसुमाच्या लाखेला भाव जास्त, मग पळसाचीच बिहन तिथं का नाही बांधायची?" प्रश्न रास्त होता. लाखेच्या किड्याच्या दोन जाती. रंगिनी पळसावर आणि बोरीवर वाढते, कुसुमावर तिचा जम बसत नाही. कुसुमी मात्र कुसुमावर आणि बोरीवरही चालते. तिची लाख फिकट रंगाची, म्हणून भाव जास्त. म्हणजे बोर दोघींना चालते! आपण मात्र तिला कुंपणाला तोडतो. कुसुम छाटल्यावर साधारण दीड वर्ष थांबावं लागतं, म्हणून झाडांच्या पाळ्या लावाव्यात.

बिहनीच्या काड्या तीन आठवड्यांनी उतरवाव्यात, नाहीतर त्यांतली लाख खाणारी अळी नव्या पिकावर जाते.

यंदा टोल्यावर नाल्याकाठच्या पाच बोरी कुणी तोडायच्या नाहीत असं ठरलंय. पुढच्या उन्हाळ्यात काही पळसही न खरवडता राखायचे आहेत. कोणते, यावर अजून वाद चालू आहे.