डोमेन, रेंज आणि कापरेकरांच्या 'स्वयंभू' संख्या

फलनाचे सूत्र दिले की वर्गातील पेने झरझर चालू लागतात. 'डोमेन व रेंज लिहा' म्हटले की थबकतात. शहापूरच्या मराठी शाळेतून विज्ञान शाखेत आलो तेव्हा माझीही हीच गत होती. बाणापुढे जो संच लिहिलेला असेल तीच रेंज, असे मी खुशाल धरून चालायचो. पुढे शिकवू लागल्यावर पाहिले, की विद्यार्थी मराठी असो वा कानडी, खड्डा हाच.

आपल्या शहापूर-वडगावचा मागच घ्या. क्ष नऊवारी साड्यांना लागणारे कापड फ(क्ष) = ९क्ष वार. क्ष च्या जागी साडेचार घालता येणार नाही. अर्धी साडी कोण घेईल? जे घालण्याची मुभा आहे ते डोमेन : ०, १, २, ३... पूर्ण संख्यांचा संच 'प' मानला तर आपण फ : प → प असे लिहितो. बाणामागचा प हे डोमेन. बाणापुढचा प म्हणजे उत्तरांसाठी मोकळे ठेवलेले अंगण. त्याला कोडोमेन म्हणतात. त्यात प्रत्यक्ष उतरतात ०, ९, १८, २७... एवढीच उत्तरे. ही रेंज. २० वार कधीच येत नाही.

अंगणातल्या या रिकाम्या जागा क्षुल्लक वाटतात. पण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी नेमक्या अशाच जागा धुंडाळल्या. नैसर्गिक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची : १५ + १ + ५ = २१. ९१ आणि १०० या दोहोंपासून १०१ मिळते. फलनाला त्याची हरकत नाही. एका संख्येला दोन उत्तरे मात्र चालत नाहीत. आता २० कशापासून मिळेल? १ ते ९ पासून फार तर १८ पर्यंत पोहोचतो; १० ते १९ पासून सगळी उत्तरे विषम; पुढे तर २० ओलांडलेच. म्हणजे २० ला जनक नाही! रेंजबाहेर राहिलेल्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ही नवलाई जगभर गेली.

राहता राहिले कंस. √(क्ष − ३) चे डोमेन [३, ∞) आणि रेंज [०, ∞). चौकोनी कंस टोकाला आत घेतो, गोल कंस बाहेर ठेवतो. अनंत ही संख्याच नव्हे, म्हणून तिच्या बाजूला गोलच. क्ष = ३ घेतले की उत्तर ० येते, तेव्हा ० आत हवा. मी तिथे गोल कंस टाकला होता, गुण गेले.