रुळाला रूळ जुळेपर्यंत

मुंबईहून औरंगाबादला रेल्वेने येणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना मनमाडला सामानसुमान घेऊन गाडी बदलावी लागली. मुंबई–भुसावळ मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे ब्रॉड गेज. मनमाडपासून पुढे नगरसोल, रोटेगाव, लासूर, दौलताबादवरून जाणारी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे मात्र एक मीटरची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात आलेल्या या लोहमार्गाने मराठवाडा जगाशी जोडला. पण प्रत्येक पोत्याला मनमाडला एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढावे लागे, आणि ते काम हमालांच्या पाठीवर होई. देशभर एकच गेज आणण्याची मोहीम १ एप्रिल १९९२ पासून सुरू झाली. त्याच दशकात औरंगाबादचे रूळ रुंद झाले आणि मुंबईची गाडी थेट शहरात येऊ लागली.

खऱ्या रेल्वेची ही अडचण छोट्या आगगाड्यांच्या छंदालाही जन्मापासून चिकटलेली आहे. आज छत्रपती संभाजीनगरातला एखादा नवखा छंदी एक इंजिन एका देशातून, रूळ दुसऱ्या देशातून आणि दोन डबे कुणाच्या जुन्या संग्रहातून मिळवतो. सगळे टेबलावर मांडतो आणि गाडी हलत नाही. बहुतेक वेळा वस्तूंत काही बिघाड नसतो. त्या वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या नियमांच्या असतात. रूळ, चाक, कपलिंग आणि वीज हे या छंदाचे चार सांधे. चारही एकाच दिवशी जुळले नाहीत, म्हणून ते कधी आणि कसे जुळले हे ठाऊक असले की खरेदीत पैसे वाया जात नाहीत.

सुरुवात रुळांपासून झाली. एकोणिसाव्या शतकात खेळण्यांचा प्रत्येक कारखाना आपल्या मनाला येईल त्या रुंदीचे रूळ काढत असे. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह आगगाडीचा संच मांडला आणि रुंदीला क्रमांक दिले. घरात वाढवत नेता येईल अशी रेल्वे तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाली. पुढे ४५ मिमीचा ‘एक’ आणि ३२ मिमीचा ‘शून्य’ हे क्रमांक जगभर रुळले. तरीही सगळ्यांनी ते लगेच मानले नाहीत. अमेरिकेतल्या लायनेलने १९०६ मध्ये सुमारे ५४ मिमीचा स्वतःचा रूळ काढला आणि त्यालाच ‘स्टँडर्ड’ हे नाव देऊन टाकले. ज्याने तो घेतला तो तेव्हा त्याच कंपनीला बांधला गेला.

आज सर्वाधिक चालणारा १६.५ मिमीचा रूळ १९३५ च्या आसपास रुजला. मार्क्लिन आणि ट्रिक्स या दोन्ही जर्मन कंपन्यांनी त्या वर्षी टेबलावर मावतील अशा गाड्या आणल्या. खऱ्या १४३५ मिमी रुळाला ८७ ने भागले की साडेसोळा येतात. या १:८७ प्रमाणाला एच-ओ म्हणतात. ब्रिटनमध्ये अडचण वेगळी होती. तिथली खरी इंजिने अंगाने लहान असल्यामुळे १:८७ च्या बॉयलरमध्ये त्या काळची मोटार मावेना. तेव्हा गाडी १:७६ ची केली आणि रूळ तोच ठेवला. १९३८ मध्ये आलेली हॉर्नबी डब्लो याच दुहेरी–ओ प्रमाणाची. त्यामुळे ब्रिटिश इंजिन आणि जर्मन डबे एकाच रुळावर धावू शकतात, पण त्यांचे प्रमाण एक नसते. गेज म्हणजे रुळांमधले अंतर आणि स्केल म्हणजे आकाराचे प्रमाण. नवख्याने पहिल्याच दिवशी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

नऊ मिमीच्या एन गेजमध्येही तसेच आहे. जर्मनीच्या आर्नोल्डने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लोकप्रिय केला. युरोप–अमेरिकेत एन म्हणजे १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानच्या साध्या गाड्यांसाठी १:१५०. रूळ तिन्हींना एकच लागतो.

रुंदी ठरली तरी चाक रुळात नीट बसायला हवे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात छंदी लोकांनी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे एनएमआरए ही संघटना उभी केली ती मुख्यतः यासाठीच. कारखानदार आपण होऊन एकत्र येत नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाइकांनीच मापे लिहून काढली. युरोपात हेच काम १९५४ मध्ये स्थापन झालेल्या मोरॉप या महासंघाने केले. त्यांच्या नियमांना एनईएम म्हणतात. एनएमआरएने धातूची एक छोटी पट्टीही काढली. तिच्या खाचेत चाकांची जोडी बसली तर ठीक, नाही तर बाजूला. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गो–नो गो गेज हाताळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एच-ओमध्ये दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर सुमारे साडेचौदा मिमी असावे लागते. जुन्या खेळण्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. २.५४ मिमी उंचीच्या, म्हणजे कोड १०० रुळावर त्या निभावतात. २.१ मिमीच्या कोड ८३ रुळावर मात्र खिळ्यांना घासून खडखडतात आणि सांध्यावर गाडी घसरते.

कपलिंगचा गोंधळ सर्वांत लांबला. युरोपात कडी, ब्रिटनमध्ये रुंद आकडा, अमेरिकेत आधी शिंगासारखा आकडा आणि नंतर चुंबकाने सुटणारे केडीचे कपलिंग. अखेर एनईएम ३६२ या नियमाने डब्याखालच्या खाचेचे माप ठरवले आणि मोठा तिढा सुटला. आता कपलिंग उपसून दुसरे घालता येते. जुना डबा घेताना ही खाच आहे का, हे तो उलटा करून पाहावे.

विजेतली चूक मात्र महागात पडते. मार्क्लिनची एच-ओ गाडी तीन रुळांच्या पद्धतीवर, मधल्या संपर्कातून वीज घेते. बहुतेक इतर कंपन्या दोन रुळांच्या आहेत. डावा रूळ एक टोक, उजवा दुसरे. मार्क्लिनची चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तोडलेली नसतात. असा एकच डबा दोन रुळांच्या मार्गावर ठेवला की शॉर्ट सर्किट होते. हॉर्नबी डब्लोसुद्धा १९५९ पर्यंत तीन रुळांचीच होती, म्हणजे त्याआधीचे इंजिन हाती आले तर तेही चालणार नाही. अमेरिकेतून सुट्टीवर येणारी नातेवाईक मंडळी मुलांसाठी संच आणतात, तेव्हा आणखी एक धोका असतो. त्यातला पॉवर पॅक १२० व्होल्टचा असेल आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला, तर क्षणात जळतो. इंजिनाला मिळते ती साधारण १२ व्होल्टची डीसी, त्यामुळे फक्त पॅक इथला घेतला तरी काम भागते.

१९८० च्या दशकात संगणकाची चिप छंदात शिरली. मार्क्लिनने आपली डिजिटल पद्धत आणली. लेन्झ या जर्मन कंपनीच्या कामावर आधारलेली डीसीसी पद्धत एनएमआरएने १९९० च्या दशकात सर्वांसाठी खुला नियम म्हणून स्वीकारली. रुळात सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्यासाठीचा हुकूम ऐकतो. इंजिनाच्या खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिले असेल तर आत केवळ सॉकेट असते, डीकोडर वेगळा घ्यावा लागतो. सॉकेट आठ पिनांचे, अठराचे की एकवीसचे, हे पाहूनच तो निवडावा.

भारतीय गाड्यांच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड होतो. आपला ब्रॉड गेज ८७ ने भागला तर १९.३ मिमी येतो. या मापाचा तयार रूळ दुकानात मिळत नाही, म्हणून भारतीय एच-ओ गाड्या १६.५ वरच धावतात. नव्या एलएचबी डब्याची लांबी प्रमाणात सुमारे २७ सेंटिमीटर होते. स्टार्टर संचातल्या ३७१ मिमी त्रिज्येच्या वळणावर असा डबा अवघडतो. ४३८ मिमी किंवा त्याहून मोठे वळण घ्यावे. आठ डब्यांची गाडी दोन मीटरच्या वर जाते, हेही टेबल करवून घेण्याआधी मोजावे. हे सगळे प्रत्यक्ष चालताना पाहायचे तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे.

एका बाबतीत महाराष्ट्रातल्या छंदी माणसाचे नशीब चांगले आहे. त्याच्या आसपासच्या रेल्वेच्या इतिहासाला नेमके माप सापडते. मीटर गेजला ८७ ने भागले तर साडेअकरा मिमी. स्विस डोंगरी गाड्यांसाठी बनणारा १२ मिमीचा एच-ओ-एम रूळ त्याच्या अगदी जवळ आहे. १:१२० च्या टीटी गाड्यांचा रूळही १२ मिमीचाच, त्यामुळे त्यांची मोटार आणि चाके असलेला सांगाडा घेऊन वर मीटर गेजच्या इंजिनाचे अंग चढवता येते. हॉर्नबी २०२२ मध्ये टीटीत उतरल्यापासून असे सांगाडे मिळणे सोपे झाले आहे. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमीचा नॅरो गेज तर एन गेजच्या नऊ मिमी रुळावर जवळजवळ तंतोतंत बसतो. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंद झाल्यावर मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते. त्या काळचे मिरज स्टेशन टेबलावर उभे करायचे तर १६.५, १२ आणि ९ मिमी असे तीन रूळ लागतील, आणि तिन्ही तयार मिळतात.

पहिल्या खरेदीसाठी क्रम सोपा ठेवावा. आधी गेज आणि स्केल ठरवावे. मग दोन रुळांची डीसी पद्धत आणि एकाच कंपनीचे रूळ घ्यावेत, कारण गेज एक असूनही खाली भरावाचा साचा असलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ सहसा एकमेकांत अडकत नाहीत. इंजिन डीसीसी रेडी असेल तर पुढचा रस्ता मोकळा राहतो. डबे मात्र कोणत्याही कंपनीचे चालतील. चाके प्लॅस्टिकच्या आसावर किंवा एका बाजूने तोडलेली असावीत आणि खाली एनईएमची खाच असावी.