ट्रकची वीज: सेल्फपासून रात्रीच्या एसीपर्यंत

भारतातल्या मोठ्या ट्रकची वीज 24 व्होल्टची असते. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ती मिळते. 1,200 वॅटच्या कामाला 12 व्होल्टवर 100 अँपिअर लागतात, 24 व्होल्टवर 50. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून करंट निम्म्यावर आला की त्याच तारेतली नासाडी चौथाईवर येते.

ही व्यवस्था मुळात सेल्फ, दिवे, वायपर आणि हॉर्न यांच्यापुरती आखलेली. 75 वॅटचे दोन हेडलाइट मिळून जेमतेम सहा अँपिअर घेतात, त्यामुळे जुन्या ट्रकांना 45 ते 55 अँपिअरचा आल्टरनेटर पुरतो. पुढे इन्व्हर्टर, फ्रिज, टेल-लिफ्ट अशी भर पडली की तो अपुरा पडू लागतो. सगळ्यात जड भार पार्किंग एसीचा, म्हणजे इंजिन बंद असतानाही बॅटरीवर चालणाऱ्या एसीचा. 2025 मध्ये एन2 आणि एन3 वर्गातल्या, म्हणजे मध्यम आणि जड, नव्या ट्रकांना एसी केबिन बंधनकारक झाली खरी, पण नेहमीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद की गारवा बंद. कळंबोलीत माल उतरायची वाट पाहत मे महिन्यात केबिनमध्येच झोपणाऱ्या चालकाला गारवा हवा असतो तो नेमका तेव्हा. रात्रीची झोप नीट झालेला चालक हा रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच सुरक्षिततेचा भाग आहे, म्हणून या एसीला चैन म्हणणं चूक आहे.

असा एसी बसवायचं काम सुरू होतं ते हिशेबापासून. एसी सरासरी 25 अँपिअर घेत असेल, तर आठ तासांना 200 अँपिअर-तास लागतात. इथे एक गैरसमज हमखास आढळतो: 120 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे 240. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, अँपिअर-तासांची नाही. ते 120च राहतात. तेही सहसा 20 तासांत, म्हणजे सहा अँपिअरने सावकाश वापरल्यास. भार जड असेल तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी कमी वीज देते, हा नियम शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये मांडला. शिवाय सेल्फसाठीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देणं हे तिचं काम. रोज रात्री ती तळापर्यंत उतरवली तर लवकरच कामातून जाते, आणि सकाळी ट्रक ढकलायची वेळ येते.

म्हणून जड भाराला स्वतंत्र बॅटरी-संच हवा. डीप-सायकल लेड-अ‍ॅसिड निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, या हिशेबाने 24 व्होल्टवर 400 अँपिअर-तास लागतील, आणि त्यांचं वजन भरपूर. लिथियम आयर्न फॉस्फेटचा आठ सेलचा 25.6 व्होल्टचा संच बराच हलका पडतो. मात्र तो आल्टरनेटरला थेट जोडू नये. त्याचा अंतर्गत रोध इतका कमी की तो आल्टरनेटरला सतत पूर्ण भाराने राबवतो, आणि गाडी उभी असताना थंड हवा कमी मिळून आल्टरनेटर तापतो. चार्जिंग चालू असताना संचाच्या बीएमएसने (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमने) अचानक जोड तोडला, तर व्होल्टेज उसळून डायोड उडू शकतात. मधे डीसी-डीसी चार्जर बसवला की करंटवर मर्यादा येते आणि सेल्फची बॅटरीही वेगळी राहते.

खर्चलेली वीज दिवसा परत भरावी लागते. 55 अँपिअरच्या आल्टरनेटरमधून गाडीचे 20 वजा केले तर 35 उरतात. 200 अँपिअर-तास भरायला सहा तासांच्या आसपास जातील, आणि आयडलिंगवर उत्पादन खूपच घटतं. मोठा आल्टरनेटर बसवणं हा उपाय आहे, पण 28 व्होल्टवर 150 अँपिअर म्हणजे 4.2 किलोवॉट. कार्यक्षमता 60 टक्के धरली तर तो इंजिनाकडून सात किलोवॉट, म्हणजे नऊ-साडेनऊ हॉर्सपॉवर ओढणार. त्यासाठी पट्टा, पुली आणि ब्रॅकेटही तेवढ्या ताकदीचे हवेत.

तारेवर काटकसर केली की बाकीचा खर्च फुकट जातो. बॅटरीपासून छतावरच्या एसीपर्यंत पाच मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. 40 अँपिअरला 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत पावणेदोन व्होल्ट पडतात आणि 70 वॅटची उष्णता होते; 16 चौरस मिलिमीटरमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. बारीक तारेमुळे बॅटरीत वीज शिल्लक असतानाही एसी लो-व्होल्टेज दाखवून बंद पडतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच हवा, कारण त्याने आधी तारेचं रक्षण करायचं असतं. अर्थिंगची तारही तेवढीच जाड हवी आणि चेसिसवरचा रंग खरवडून उघड्या धातूवर आवळलेली हवी.

टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती घातक आहे. ती बॅटरी कायम अर्धवट भरते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि काही महिन्यांत जोडी बिघडते. 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

शेवटी पूर्ण भार चालू ठेवून क्लॅम्प मीटरने करंट आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज मोजतात. तारेच्या टोकाचा एखादा थिंबल हाताला गरम लागला तर पंचिंग पुन्हा करावं लागतं. ट्रकच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते आवळून हीच मोजणी पुन्हा केली जाते.