चढाई कुठे होणार, हे आधीच कळले तर?

कबड्डीच्या सामन्यात एखादा चढाईपटू पहिल्या सत्रात भराभर गुण मिळवतो आणि दुसऱ्या सत्रात त्याच कोपऱ्यात त्याची पुन्हा पुन्हा पकड होते. दम कमी पडला, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या मंडळाच्या मैदानाकडेला बसलेल्या जुन्या खेळाडूंना विचारा. ते म्हणतील, ‘त्याला ओळखला!’ हे ओळखले जाणे किती महागात पडते, ते साध्या गणिताने काढता येते. नववीच्या वर्गात सहज घेता येईल असे ते गणित आहे.

समजा, एका चढाईपटूची उजवी बाजू हुकमी आहे, डावी कच्ची आहे. बचाव करणारा संघ एका वेळी एकाच कोपऱ्यावर विशेष भर देऊ शकतो. आकडे आपण सोयीसाठी मानू. चढाई उजवीकडे आणि बचावाचा भरही उजवीकडे असेल, तर १०० पैकी ४० चढाया यशस्वी होतात. भर डावीकडे असेल, तर ६०. चढाई डावीकडे आणि भर उजवीकडे असेल, तर ५०. भरही डावीकडेच असेल, तर केवळ २०.

हा गडी सदैव उजवीकडेच गेला, तर बचाव तिथेच दबा धरणार. यश ४०. आता त्याने १० पैकी ६ चढाया उजवीकडे व ४ डावीकडे केल्या, पण कोणती केव्हा याचा पत्ता लागू दिला नाही, असे धरा. भर उजवीकडे असेल तर यश ०.६ × ४० + ०.४ × ५० = ४४. भर डावीकडे असेल तर ०.६ × ६० + ०.४ × २० = ४४. बचावाने काहीही केले तरी ४४ पदरात पडतात. याहून जास्त यशाची हमी दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाने मिळत नाही. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात असे सर्वोत्तम प्रमाण असतेच, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली सिद्ध केले.

खरी गंमत पुढे आहे. प्रमाण तेच ठेवा, पण क्रम ठरवून टाका: तीन उजव्या, दोन डाव्या, पुन्हा तीन उजव्या. बचावाने हा क्रम ओळखला, की दरवेळी भर नेमक्या कोपऱ्यावर पडणार. आता यश ०.६ × ४० + ०.४ × २० = ३२. नुसते उजवीकडे जाऊनसुद्धा ४० मिळत होते! ‘खेळात विविधता आणा’ हा प्रशिक्षकांचा आवडता सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो. प्रतिस्पर्धी चित्रफिती लावून प्रत्येक चढाई तपासतात, अशा काळात तर फारच.

कधीकधी खेळाचे नियमच गुपित फोडतात. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत दोन चढाया गुणाविना गेल्या, की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बोनस गुणही समोर किमान सहा बचावपटू असतील तरच मिळतो. २०१५ मध्ये विजेत्या ठरलेल्या यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार बोनससाठी प्रसिद्ध होता. अशा खेळाडूसमोर पाचच गडी उरले, की बचावाची एक चिंता आपोआप मिटते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तिथे चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे जायचे असते. चेंडू घेऊन धावायचे किंवा तो पुढे फेकायचा. पहिल्या दोन प्रयत्नांत ठरावीक धाव घेऊन फसलेल्या संघाला तिसऱ्या वेळी बहुधा फेकावेच लागते, आणि ते समोरच्यालाही ठाऊक असते. याउलट, २०१५ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी सिॲटल संघाला आघाडीसाठी एकच यार्ड हवे होते. मार्शॉन लिंच हा दांडगा धावपटू हाताशी असताना त्यांनी चेंडू फेकला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मध्येच झेलला आणि सामना गेला. निर्णयावर प्रचंड टीका झाली. पण कच्ची बाजूही अधूनमधून वापरावीच लागते, हे आपण वर पाहिले. एका अपयशावरून ते धोरण चूक ठरत नाही. बचावाने १० पैकी ८ वेळा उजवीकडे भर दिला, तर आपल्या गड्याच्या दोन्ही बाजूंचे यश सारखेच, ४४, येते. विद्यार्थ्यांना पडताळून पाहू द्या.

अनियमित वागणे माणसाला जमत नाही, याचाही प्रयोग वर्गात करता येईल. अर्ध्या मुलांना नाणे प्रत्यक्ष ५० वेळा उडवून छाप-काटा लिहायला सांगा. उरलेल्यांनी मनानेच ५० नोंदी लिहाव्यात. खऱ्या नाण्याच्या पाचांपैकी सुमारे चार याद्यांत सलग पाच किंवा अधिक वेळा एकच बाजू आलेली दिसेल. मनाने लिहिणारी मुले तीन-चार छापांनंतर घाईने काटा लिहितात. चढाईपटूही तसेच बाजू बदलतो. त्याला मैदानात नाणे उडवता येत नाही, पण घड्याळावर नजर टाकता येते. सेकंदांचा शेवटचा अंक ० ते ५ असेल तर उजवीकडे, ६ ते ९ असेल तर डावीकडे.